थ्रॉटलचा स्विच आणि निदानाचं शास्त्र : महागावच्या गॅरेजातून दिसलेला एक इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, "सर, छापताना काही गडबड झाली का?" गडबड नाही. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा शिकवली, हे खरं. पण कार्यावरून कारणाकडे कसं जायचं, जाताना पाय कुठे घसरतो आणि घसरल्यावर त्याची किंमत कोण मोजतो, हे आम्हांला नीट कळलं ते यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावच्या एका गॅरेजात, लाकडी बाकावर बसून. निमित्त होतं काडेपेटीएवढ्या एका वस्तूचं. तिचा इतिहास आज सांगायचा आहे, आणि त्याबरोबर आमच्या हातून झालेला एक अन्यायही सांगायचा आहे. तो सांगितल्याशिवाय इतिहास अपुरा राहील.

आधी वस्तू समजून घेऊ. मोटारीचा ॲक्सिलरेटर दाबला की आपण इंजिनाला पेट्रोल देतो, असं बहुतेकांना वाटतं. पेट्रोल इंजिनात प्रत्यक्षात आपण हवा देत असतो. इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीत एक गोल चकती आडवी बसवलेली असते. पाय दाबला की ती फिरते आणि वाट मोकळी होते, पाय काढला की वाट जवळजवळ बंद होते. ही चकती म्हणजे थ्रॉटल. इंग्रजीत हा शब्द घशावरून आलेला आहे, आणि उपमा अगदी बरोबर आहे. इंजिन या घशातून श्वास घेतं. वाफेच्या इंजिनालाही असा घसा होता. जेम्स वॉटने १७८८च्या सुमारास फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक बसवला, तो हाच घसा गरजेनुसार उघडायचा आणि आवळायचा.

आता हवा आली, तर तिच्यात पेट्रोल किती मिसळायचं? साधारण १४.७ भार हवेला १ भार पेट्रोल, हे पूर्ण ज्वलनाचं प्रमाण. पेट्रोल जास्त झालं तर धूर आणि नासाडी, कमी पडलं तर इंजिन अडखळतं. हे प्रमाण सांभाळण्याचं काम जवळपास शंभर वर्षं कार्ब्युरेटरने केलं. विल्हेल्म मायबाखने १८९३मध्ये फवारा उडवणारा कार्ब्युरेटर बनवला, आणि पुढच्या सगळ्या पिढ्या त्याच तत्त्वावर वाढल्या. वेगाने जाणारी हवा पेट्रोलला आपल्याबरोबर ओढून नेते, एवढंच ते तत्त्व. त्यात वीज नाही, गणित नाही, आणि बातमी पोचवणारा मधला माणूसही नाही. हवा स्वतःच पेट्रोल घेऊन जाते.

आमच्या पिढीने हा कार्ब्युरेटर भरपूर पाहिला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी, आणि अम्बॅसेडर. थंडीत चोक ओढायचा, बंद पडली की बॉनेट उघडायचं, मिस्त्रीने जेट काढून तोंडाने फुंकर मारायची आणि गाडी सुरू. 'मिस्त्री' हा शब्दसुद्धा बाहेरून आलेला आहे, पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून, म्हणजे उस्ताद, गुरू. आम्ही प्राध्यापक स्वतःला गुरू म्हणवून घेतो, पण त्या शब्दाचा खरा वारसा गॅरेजात गेला. असो.

मग हे फुंकर मारून दुरुस्त होणारं यंत्र सोडून विजेच्या भानगडीत जग का पडलं? हवेमुळे, पण इंजिनातल्या नव्हे, आपण श्वास घेतो त्या हवेमुळे. १९४३मध्ये लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणाऱ्या धुक्याचं सावट आलं. पुढे १९५०च्या आसपास हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की या धुक्याच्या मुळाशी मोटारींचा आणि तेलशुद्धीचा धूर आणि त्यावर पडणारं ऊन आहे. मग कायदे आले. १९७०चा अमेरिकेचा शुद्ध हवेचा कायदा हा त्यातला मोठा टप्पा. धूर कमी करायचा तर पेट्रोलचं प्रमाण काटेकोर हवं, आणि ते कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचं होतं.

विजेवर चालणारी पेट्रोल फवारणी अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९५७मध्ये आणली होती. 'इलेक्ट्रोजेक्टर' तिचं नाव. तेव्हाचे विजेचे भाग उष्णता आणि ओल सोसणारे नव्हते. ज्या थोड्या गाड्यांना ती बसवली, त्यांतल्या बहुतेकांना परत कार्ब्युरेटर लावावे लागले. कल्पना मात्र वाया गेली नाही. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७मध्ये डी-जेट्रॉनिक ही पद्धत बाजारात आणली, ती फोक्सवॅगनच्या गाड्यांत बसली. इथे आपली नायिका पहिल्यांदा रंगमंचावर येते, थ्रॉटलचा स्विच.

तिची गरज का पडली, ते पाहा. कार्ब्युरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल यांची प्रत्यक्ष गाठ पडत होती. आता पेट्रोल किती सोडायचं हे एक बंद पेटी ठरवू लागली, आणि त्या पेटीला डोळे नव्हते. चालकाने पाय ठेवला की काढला, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. म्हणून घशातल्या चकतीच्या दांड्याच्या टोकाला एक स्विच बसवला. आधीच्या साध्या स्विचात दोनच संपर्क महत्त्वाचे असत. पाय पूर्ण काढला की एक जुळायचा, म्हणजे 'इंजिन आरामात आहे'. पाय जवळजवळ तळापर्यंत गेला की दुसरा जुळायचा, म्हणजे 'आता पूर्ण ताकद द्या'. मधलं काही नाही. हो किंवा नाही, अशी दोनच उत्तरं देणारा साक्षीदार.

अशा स्विचाची तपासणीही सोपी होती. मीटर रोधावर लावायचा, म्हणजे वाट जोडलेली आहे की तुटलेली, एवढं कळतं. थ्रॉटल बंद असताना पहिला संपर्क जुळलेला हवा. किंचित उघडताच टक असा आवाज येऊन तो सुटायला हवा. पूर्ण उघडताना दुसरा जुळायला हवा. स्विचाचे स्क्रू लांबट भोकांत असतात. फीलर गेजची पातळ पट्टी थांब्याच्या स्क्रूखाली सरकवून स्विच थोडा फिरवायचा, बरोबर जागी टक वाजला की आवळायचं. झालं.

पण हो आणि नाही यांत जग मावत नाही. पाय थोडा दाबलाय, किती दाबलाय, सावकाश की एकदम, हे सगळं पेटीला हवं होतं. म्हणून स्विचाच्या जागी हळूहळू सेन्सर आला. आपल्याकडे मिस्त्री लोक दोन्हींना 'थ्रॉटलचा स्विच' किंवा 'टीपीएस' म्हणतात, आणि ते चालतं. याच्या पोटात कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावरून घासत जाणारा एक छोटा पत्रा. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायची चकती आठवा, तीच करामत. तीन वायरी असतात. एकीवर पेटीने पाठवलेले ५ व्होल्ट, दुसरी अर्थ, आणि तिसरीवरून बातमी. थ्रॉटल बंद असताना साधारण अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर, पूर्ण उघडल्यावर चारच्या वर. मधल्या प्रवासात हा आकडा दुधाच्या धारेसारखा अखंड वाढला पाहिजे.

आणि तो जुना रेडिओ आठवला असेल, तर त्याचा रोगही आठवेल. रोज आपण आवाज ज्या जागी ठेवतो, नेमका तिथलाच पट्टा झिजतो आणि तिथे आला की रेडिओ खरखरतो. मोटारीतही तेच. माणूस सगळ्यांत जास्त वेळ ज्या गतीने गाडी हाकतो, तिथला कार्बन आधी झिजतो.

भारतात हा सगळा प्रकार उशिरा आला, आणि आला तोही न्यायालयाच्या दारातून. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा ती कार्ब्युरेटरवरच होती. १९९९च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने, एम. सी. मेहता यांच्या प्रदूषणाच्या खटल्यात, राजधानी परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांसाठी युरोपीय निकषांच्या तारखा जवळ ओढल्या. २०००च्या सुरुवातीला देशभर शिसंमुक्त पेट्रोल आलं, त्याच वर्षी एप्रिलपासून नवे निकष देशभर लागू झाले. बघता बघता गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही चार अक्षरं चमकू लागली. बॉशचं भारतातलं रूप म्हणजे मायको, १९५१पासूनचं. नाशिककरांना मायको सर्कल सांगायला नको. म्हणजे कंपनी आपल्याकडे पन्नास वर्षं होती, पण तिच्या देशात १९६७ला रस्त्यावर आलेली पद्धत आपल्या गल्लीत यायला २००० उजाडलं.

आता यात एक गोष्ट घडली, जिची नोंद मोटारींच्या इतिहासात फारशी होत नाही. बंद पेटी आली आणि मिस्त्रीच्या हातातलं निदान निसटलं. जेट फुंकून साफ करणाऱ्याला आता बॉनेटखाली वायरींचं जंगल दिसायला लागलं. पेटी स्वतःच स्वतःची तपासणी करू लागली होती. कॅलिफोर्नियाने १९८८च्या गाड्यांपासून हे सक्तीचं केलं. दोष आढळला की दिवा लागायचा, दोन टोकं जोडली की तो दिवा लुकलुकून आकडा सांगायचा. जनरल मोटर्स आणि सुझुकी यांच्या त्या काळच्या अनेक गाड्यांत एक लुकलुक आणि मग दोन, म्हणजे १२, म्हणजे पेटीजवळ दोषाची नोंद नाही. २१ म्हणजे थ्रॉटलच्या बातमीचा व्होल्ट फार वर, २२ म्हणजे फार खाली. १९९६पासून अमेरिकेत सगळ्या गाड्यांना एकच भाषा आली. त्यात पी ०१२० ते पी ०१२४ हे आकडे या आपल्या नायिकेचे, आणि शेवटचा, पी ०१२४, अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचा.

आता महागावकडे वळू.

नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता यवतमाळ, आर्णी असं करत महागावला येतो आणि पुढे उमरखेडकडे जातो. पूस नदी याच तालुक्यात हिवरा संगमला पैनगंगेला मिळते. तालुक्यात आमचं थोडं शेत होतं, आणि आम्ही यवतमाळला नोकरीत. दर आठवड्याला खेप. गाडी चालवायला तालुक्यातल्याच एका गावचा मुलगा ठेवला होता. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, झिजेचा होता.

२००६च्या पावसाळ्यात गाडीने लक्षणं दाखवायला सुरुवात केली. सरळ रस्त्यावर, पाय हलका ठेवला असताना, मागून कुणी ढुसणी मारावी तसे झटके. फाटकाशी थांबलं की इंजिन वर-खाली व्हायचं, कधी बंद पडायचं. आणि मुख्य म्हणजे, लिटरला सोळा देणारी गाडी बारावर आली.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी यंत्र लावलं, यंत्र म्हणालं, दोष नाही. मग त्यांनी प्लग बदलले. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग फिल्टर, मग फवारे साफ केले, मग पेट्रोलचा पंप बदलला. प्रत्येक वेळी बिल, आणि प्रत्येक वेळी यंत्राचा तोच दाखला, गाडी निर्दोष.

श्रोतेहो, तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने इथे काय केलं, ते ऐका. आम्ही विचार केला, गाडी निर्दोष आहे. पेट्रोल तर जातंय. मग ते जातंय कुठे? उरला कोण? तो मुलगा. न्यायदर्शनात अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतल्या शेषवत् अनुमानाचा एक अर्थ वात्स्यायन असा देतो की, शक्य असलेले पर्याय एकेक करून बाद करावेत आणि जो शेष उरेल तो स्वीकारावा. हे आम्ही वर्गात कितीदा शिकवलं असेल! आणि त्याच युक्तिवादाने आम्ही त्या मुलाला, शेतावर चार माणसं उभी असताना, विचारलं, "पेट्रोल काढून विकतोस का?"

तो काही बोलला नाही. गाडीची किल्ली त्याने खाटेवर ठेवली आणि पायी निघून गेला. त्याच्या न बोलण्याला आम्ही कबुली समजलो.

पुढे पंधरा दिवसांनी आम्ही स्वतः गाडी चालवत येत होतो. महागावच्या अलीकडे, समोरून ट्रक येत असताना, ओलांडायला पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी गुदमरली. ट्रकवाल्याने कच्च्यात उतरवला म्हणून आज तुमच्यासमोर बोलतोय. ढकलत, धक्के खात गाडी एका पत्र्याच्या गॅरेजाशी आणली. मिस्त्री चाळिशीतले, हाताला ग्रीस. आम्ही खुर्चीऐवजी बाकावर बसलो आणि सांगायला लागलो, प्लग बदलले, पंप बदलला. त्यांनी हात वर केला.

"काय काय बदललं ते राहू द्या सर. झटके कवा मारते ते सांगा. चढावर का सपाटीवर? थंडी असताना का गरम झाल्यावर? पाय दाबल्यावर का नुसता ठेवल्यावर?"

आम्हांला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं धड देता आली नाहीत. मागच्या सीटवर बसून पेपर वाचणाऱ्या माणसाला कशी येणार? शेवटचं मात्र सांगता आलं, पाय हलका ठेवला की.

त्यांनी दिवा लुकलुकवून पाहिला. १२. दोष नाही. ते हसले. मग त्यांनी हवेच्या नळ्या चाचपल्या, कुठे तडा जाऊन चोरटी हवा शिरते का ते पाहिलं. थ्रॉटलची केबल अडकत नाही ना ते पाहिलं, अर्थचा जोड घासून घट्ट केला. मग खणातून काट्याचा जुना मीटर काढला. आम्ही विचारलं, आकड्यांचा नवा नाही का? ते म्हणाले, आहे, पण तो थांबून थांबून आकडा दाखवतो, मधली चूक गिळून टाकतो. काटा गिळत नाही.

चावी चालू, इंजिन बंद. तीन वायरींवर मागच्या बाजूने सुई लावली. पहिलीवर ५ व्होल्ट बरोबर, अर्थ बरोबर. तिसरीवर काटा अर्ध्याच्या थोडा वर. मग त्यांनी हाताने थ्रॉटल उघडायला सुरुवात केली, अगदी सावकाश, मुंगीच्या पायांनी. काटा चढत गेला आणि थोडा उघडल्यावर एका जागी फटकन शून्याकडे पडून परत वर आला. पुन्हा केलं, पुन्हा त्याच जागी. तिसऱ्यांदा, त्याच जागी. मग थ्रॉटल स्थिर ठेवून त्यांनी वायर हलवली, जोड हलवला. काटा ढिम्म. म्हणजे वायर नाही, स्विचच.

"सर, गाडीले रोग नाही," ते म्हणाले. "गाडीले कोनी तरी खोटं सांगून राह्यलं."

या एका वाक्यात सगळा बिघाड आला. झिजलेल्या जागेवरून पत्रा गेला की पेटीला क्षणभर कळतं, पाय काढला. लगेच पुढच्या क्षणी कळतं, पाय एकदम दाबला. ती बिचारी आधी पेट्रोल तोडते, मग जास्तीचं ओतते. म्हणून झटके, आणि म्हणून पेट्रोल जास्त. आणि खोटं इतकं क्षणिक की पेटी त्याला दोष मानून नोंदवत नाही. म्हणून १२. यंत्राने सांगितलेलं 'दोषाची नोंद नाही' हे वाक्य खरं होतं. वर्कशॉपने आणि आम्ही त्याचा अर्थ 'दोष नाही' असा केला, तो खोटा होता. नोंद नसणं आणि वस्तू नसणं यांतला फरक आम्ही मुलांना अनुपलब्धीच्या पाठात तीस वर्षं शिकवत होतो.

पुढचं अजून ऐका. मिस्त्रींनी भंगारातल्या एका इंजिनाचा चांगला स्विच काढला, मीटरवर तपासला, आमच्या गाडीला बसवला आणि दोन किलोमीटर फिरवून आणलं. गाडी लोण्यासारखी. आम्ही खिशात हात घातला. ते म्हणाले, "थांबा सर, आता जुनाच परत लावतो."

"काहून?" आम्हीही वऱ्हाडीवर आलो.

"म्हंजे मले बी पटलं पाहिजे न."

जुना लावला, झटके परत. नवा लावला, झटके गेले. कारण असेल तिथे कार्य, कारण नसेल तिथे कार्य नाही. आपले नैयायिक याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३च्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात अशाच पद्धती सूत्रबद्ध केल्या. शहरातल्या वर्कशॉपने भाग बदलले होते, पण जुना परत लावून कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे दोन दिवस बरं वाटलं की त्यांना तो पुरावा वाटायचा.

घरी येताना पूस नदी ओलांडली. वर पाऊस झाला असावा, नदी गढूळ आणि फुगलेली. न्यायसूत्रांत नेमका हाच दाखला आहे. नदी फुगलेली दिसली की वर पाऊस झाला असं अनुमान करतात. पण आक्षेप घेणारा म्हणतो, नदी कुणी अडवल्यानेही फुगेल, मग तुमचं अनुमान कसलं? यावर उत्तर असं आहे की, नुसती फुगलेली नदी पुरत नाही. पाण्याचा वेग पाहा, फेस पाहा, वाहून येणारी पानं, फळं, लाकडं पाहा. म्हणजे खूण अर्धवट पाहून निष्कर्ष काढणाऱ्याची चूक असते, अनुमान नावाच्या साधनाची नव्हे. वर धरणं झालेल्या आजच्या नदीला तर हा आक्षेप अधिकच लागू पडतो. आम्ही घटलेलं ॲव्हरेज पाहिलं आणि चोर ठरवला. झटके पाहिले नाहीत, गुदमरणं जमेस धरलं नाही. चोराने पेट्रोल काढलं असतं तर गाडीने झटके कशाला मारले असते? एवढा साधा प्रश्न. आणि शेषवत् अनुमानाला पर्यायांची यादी पूर्ण असावी लागते. आमच्या यादीत थ्रॉटलचा स्विच नव्हताच, कारण तो आहे हेच आम्हांला ठाऊक नव्हतं. जे ठाऊक नाही ते बाद कसं होणार? मराठीत याला एक म्हण आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला. तो अंगणात उभाच राहिला. आम्ही सगळं सांगितलं, स्विच खिशातून काढून दाखवला, चुकलो म्हणालो. त्याने स्विच हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "सर, गाडी झटके मारते हे मले आधीपासून ठाऊक होतं. तिसऱ्यात, चाळीसच्या आसपास. तुमी विचारलं असतं तं सांगतलं असतं. तुमी पेट्रोलचंच विचारलं."

तो परत कामावर आला नाही. नंतर त्याने काळी-पिवळी चालवायला घेतली. रस्त्यात दिसला की हात करायचा, एवढंच. आरोप चार माणसांत केला होता, माफी अंगणात मागितली, हा हिशेब आजही जुळलेला नाही. म्हणून आज तो तुम्हा सगळ्यांसमोर मांडला.

आता हा इतिहास आजपर्यंत आणून सोडतो.

तो झिजणारा कार्बनचा पट्टा हळूहळू मागे पडला. नव्या सेन्सरांत घासणंच नाही, चुंबकावर काम चालतं. बऱ्याच गाड्यांत पायापासून थ्रॉटलपर्यंत केबलही नाही. पायाखाली सेन्सर, घशाशी सेन्सर, मध्ये पेटी आणि मोटर. आणि दोन्ही ठिकाणी सेन्सर एक नाही, दोन. अनेक रचनांत एकाचा आकडा चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो. दोघांची साक्ष जुळली नाही की पेटी कुणा एकावर विश्वास ठेवत नाही, ताकद कमी करून गाडी रांगत घरी न्यायला लावते. एका साक्षीदारावर फाशी द्यायची नाही, हे यंत्रांना माणसांनीच शिकवलं.

पण दुसरा प्रश्न उभा राहिला. निदान करायचा हक्क कुणाचा? पेटीची भाषा वाचणारी यंत्रं, कोड, माहितीपुस्तिका आणि सुटे भाग कंपन्यांनी बरेच दिवस स्वतःच्या वर्कशॉपपुरते राखले. २०११मध्ये यावर स्पर्धा आयोगाकडे तक्रार झाली, आणि २५ ऑगस्ट २०१४ला आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि निदानाची साधनं मिळाली पाहिजेत, असंही सांगितलं. प्रकरण पुढे अपिलांत आणि कोर्टांत गेलं. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. हे सगळं दिल्लीत चाललेलं असताना महागावचे मिस्त्री काट्याच्या मीटरने काम करत होते. त्यांची बुद्धी कमी पडली नाही. साधनं मात्र त्यांच्यापर्यंत उशिरा पोचली आणि महाग पोचली.

याच तालुक्यातल्या फुलसावंगीची गोष्ट तुम्ही वर्तमानपत्रांत वाचली असेल. पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणाऱ्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या एका तरुणाने मोटारीचं इंजिन लावून हेलिकॉप्टर तयार केलं. ऑगस्ट २०२१मध्ये त्याची चाचणी घेताना पंखा तुटला आणि त्याचा जीव गेला. काहींनी त्याला वेडा म्हटलं, काहींनी सिनेमातल्या नायकाचं नाव दिलं. आम्हांला दोन्ही पटत नाहीत. पुण्यात १९६६पासून वाहनांच्या चाचणीची संशोधन संस्था आहे. तिथे एखादा भाग किती ताणाला तुटतो हे माणूस दूर उभा राहून पाहतो. फुलसावंगीत चाचणीचं ठिकाण आणि माणसाची बसायची जागा एकच होती. हुन्नर आहे, पण तपासायची सोय नाही, अशी ही अवस्था आहे, आणि तिची किंमत एका घराने मोजली.

म्हणून इथे जमलेल्या आयटीआयच्या मुलांना एवढंच सांगणं आहे. स्कॅनर जरूर शिका, कोड पाठ करा. पण पी ०१२१ दिसला की लगेच सेन्सर बदलायला धावू नका. कोड म्हणजे त्या वाटेवर काहीतरी बिनसलंय एवढी खबर. सेन्सर असेल, वायर असेल, अर्थ असेल, थ्रॉटलवर साचलेला काळा थर असेल. आणि कोड नाही दिसला म्हणून गिऱ्हाइकाला खोटं पाडू नका. आधी विचारा, केव्हा होतं. बदलल्यावर एकदा जुना परत लावून पाहा. अर्धा तास जास्त जाईल, तेवढा जाऊ द्या.

आणि आमच्यासारख्या शिकलेल्यांना सांगणं असं की, गाडी रोज जो चालवतो त्याला आधी विचारा.

त्या दिवशी मिस्त्रींनी आमच्याकडून भंगारातल्या स्विचाचे आणि मजुरीचे मिळून जे पैसे घेतले, ते वर्कशॉपच्या पहिल्या बिलाच्या दहाव्या हिश्श्याइतकेही नव्हते. जुना स्विच मात्र आम्ही मागून घेतला. निवृत्त होईपर्यंत तो आमच्या टेबलावर असायचा. अनुमानाचा पाठ आला की वर्गात नेत असू आणि ही गोष्ट पूर्ण सांगत असू, त्या मुलाच्या उत्तरासकट. आज तो इथेही आणला आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी जवळ यावं. चकती सावकाश फिरवा. ज्या जागी झीज आहे तिथे बोटाला काहीच जाणवत नाही.

इथे थांबतो.